रिकाम्या गावाची हवा

ज्या वर्षी बाबल घाडीचा थोरला मुलगा गोव्यात घरजावई म्हणून गेला, आणि गावाने बाबलला तोंडावर थोडं आणि पाठीमागे भरपूर हसून घेतलं, त्या वर्षी, म्हणजे २०४३ साली, वरंडोळीची गावपळण आली.

वरंडोळी हे मालवणी मुलखातलं खाडीकाठचं गाव. त्या मुलखातल्या काही गावांत आहे तशी इथेही रीत आहे. चार वर्षांनी एकदा रवळनाथाचा कौल घ्यायचा आणि मार्गशीर्षातल्या एका सकाळी सगळा गाव उठून वेशीबाहेर जायचा. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, पाळण्यातलं पोर, खाटेवरचा म्हातारा, सगळे. तीन दिवस गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, पाऊल वाजत नाही. जीव म्हणून काही मागे ठेवायचा नाही. ते तीन दिवस गाव देवाचा.

कौल लावायचा मान घाडी घराण्याचा, आणि तो बाबलकडे, कागदोपत्री विष्णू घाडीकडे, आलेला. या मानात सुख कमीच. गावात काही वाईट घडलं की पहिलं बोट घाडीकडे वळतं. बाबलच्या बापाच्या वेळी कोणीतरी गाभण म्हैस गोठ्यात लपवून ठेवली होती. त्या पावसाळ्यात काविळीची साथ आली आणि पुढे कित्येक वर्षं त्यांच्या घरचा प्रसाद लोकांनी हातात घेतला, पण तोंडात टाकला नाही. बाबल तेव्हा शाळेत होता. पोरं त्याच्या शेजारी बसत नसत.

गावाच्या वरच्या अंगाला सडा आहे, काळ्या कातळाचं उघडं पठार. सहा वर्षांपूर्वी तिथे जुन्या प्लास्टिकपासून तेल काढणारा कारखाना आला. कचरा खाऊन तेल देणारं यंत्र म्हणून वर्तमानपत्रांनी त्याचे फोटो छापले. फाटकावर हवा मोजणारा मोठा फलक लागला. त्यावरचा दिवा कायम हिरवा असायचा.

आणि गेल्या वर्षापासून बाबलच्या बायकोच्या, दर्शनाच्या, अंगावर न आपटता निळे डाग उठायला लागले. विहिरीची पायरी चढताना ती धापा टाकायची. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हाडांच्या आत जिथे रक्त तयार होतं तिथलं कामच मंदावलंय. कशामुळे, ते त्यांना सांगता येईना.

*

कशामुळे ते शोधण्याचा ध्यास बाबलच्या धाकट्या मुलीने घेतला. चैत्राली तेव्हा बारावीत होती.

तालुक्याच्या कॉलेजात ‘युवा नागरिक विज्ञान’ नावाचा उपक्रम होता. त्यामागे तीन सह्यांचा करार होता. पुण्याच्या एका संशोधन संस्थेने ज्ञान द्यायचं, कॉलेजने प्रयोगशाळा द्यायची, आणि खर्च सड्यावरच्या कारखान्याने करायचा. खरं सांगायचं तर या करारामुळे गावातली मुलं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला शिकली. पुण्याच्या डॉ. नीलांबरी फणसळकर दर महिन्याला यायच्या, मुलांबरोबर जमिनीवर बसून पेज जेवायच्या, आणि एकाही प्रश्नाला बाळबोध म्हणून हसायच्या नाहीत.

त्यांनी मुलांना पेटी बनवायला शिकवली. पाव फुगवतं आणि माडीला फेस आणतं ते यीस्ट म्हणजे डोळ्यांना न दिसणारा जीव. संस्थेने त्या जीवाच्या जनुकांत एक खटका बसवला होता. बेंझीन नावाचा वायू पेशीत शिरला की खटका पडायचा आणि पेशी हिरवी चमकायची. बेंझीन जास्त, तर चमक जास्त. हाच वायू माणसाच्या श्वासातून हाडांपर्यंत पोचतो आणि रक्ताचा कारखाना बंद पाडतो. यीस्टच्या कुपीसमोर एक बारीक विजेचा डोळा असायचा. तो चमक मोजून आकडा साठवून ठेवायचा. यंत्राचं नाक महाग, म्हणून ते एका फाटकावर एकच लावून भागवतात. हे नाक गुळाच्या पाण्यावर पोसता येत होतं, आणि एका कुपीतून दुसरी वाढवता येत होती. मुलांनी करवंट्या घासून पेट्यांची कवचं बनवली आणि घराघराच्या वळचणीला टांगली. गावातल्या बायका तुळशीला पाणी घालताना पेटीत गुळाच्या पाण्याचे थेंब सोडायला लागल्या.

पेट्या पहाटे चमकायच्या. रोज, आणि चांगल्याच.

त्यावर शाळेत सभा झाली. कारखान्याचे जनसंपर्क अधिकारी देशमाने इस्त्रीच्या शर्टात आले होते.

“मुलांचं कौतुकच आहे,” ते म्हणाले. “पण पहाटे गावात काय होतं? घराघरात चूल पेटते. गॅस दारात आला तरी तुम्हाला पेज चुलीवरची लागते, आंघोळीचं पाणी चुलीवरचं लागतं. लाकडाच्या धुरात बेंझीन असतो. विचारा मॅडमना.”

सगळ्यांनी मॅडमकडे पाहिलं. “असतो,” डॉ. फणसळकर म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना जमणारं नव्हतं. “पण पहाटेच वारा सड्यावरून खाडीकडे उतरतो. जमीन गार होते, हवा जड होते आणि उतारावरून खाली येते. म्हणजे धूर चुलीचा की कारखान्याचा, हे पेटीला वेगळं करता येत नाही.”

“मग आम्ही एक पत्रक काढलंय,” देशमाने म्हणाले. पत्रकावर चुलीपुढे बसलेल्या बाईचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘ताई, तुमची चूल तुमचा जीव घेतेय.’

मागच्या बाकावर दर्शना बसली होती. तिने पत्रक वाचलं, दोनदा वाचलं. मग उभी राहिली.

“म्हणजे माका माझ्या चुलीन मारल्यान?”

“तसं नाही वहिनी...”

“तसाच लिवलास तुमी.”

देशमान्यांनी मॅडमकडे पाहिलं. डॉ. फणसळकर सावकाश बोलल्या. “खात्री करायला एकच वाट आहे. दोन-तीन दिवस गावातली प्रत्येक चूल, प्रत्येक गाडी, प्रत्येक होडीचं इंजिन बंद ठेवायचं आणि मग पेट्या बघायच्या. पण असं कुठल्या गावात होणार?”

चैत्राली उठली. “आमच्या गावात होतं, मॅडम. आमचा गाव पळतो.”

देशमाने हसले. “कुठे पळतो?”

“वेशीबाहेर. पुढच्या महिन्यात.”

देशमान्यांचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला आनंद गेला.

*

घरी येऊन बाबलने पायांवर पाणी घेतलं. ओसरीवर बसल्यावर त्याने लेकीला विचारलं, “चेडवा, खरा सांग. त्या पेटयेत जीव आसा की नाय?”

चैत्राली नाही म्हणाली असती तर पुढचं सगळं सोपं होतं. ती म्हणाली, “आसा, बाबा. जीवच तो.”

“मगे तो बाहेर जातलो. गावपळणीत गावात जीव रवणा नाय.”

“पण एवढूसा...”

“एवढूसो, तेवढूसो असा देवाक सांगतलंस? म्हशीचो नायतर मुंगयेचो, जीव तो जीव.”

“मग मुंग्या कुठे नेता तुम्ही बाहेर?”

“मुंगी आपण पोसूक नाय. ही तू पोसलंस.”

बापाचं म्हणणं चुकीचं असतं तर चैत्राली भांडली असती. दर्शना आतून दाराला धरून आली.

“बाबलानु,” ती म्हणाली. चारचौघांत नवऱ्याला ती अशीच हाक मारायची आणि रागावली की घरातही. “मी मरतलंय तेव्हा मरतलंय. त्येचा माका काय वाटणा नाय. पण माझ्या चुलीन माका मारल्यान असा कागदार लिवन् गावभर वाटतत, तां मी आयकान घेवचंय नाय. त्या पेटये रवूक होये.”

“आणि काय वायट झाला तर? बोट कोणाकडे?”

“तुमच्याकडे. मगे? तुमका बोटांची भीती, आणि माका बघा.” तिने बाही वर केली. दंडावर निळा डाग होता, हाताच्या पंज्याएवढा.

बाबल उठून खाडीकडे गेला. ओहोटी होती. चिखलात बगळे उभे होते, आणि त्याला त्या दिवशी बगळ्यांचाही हेवा वाटला. त्यांना कोणी काही विचारत नव्हतं.

*

गावपळणीच्या आदल्या आठवड्यात देवळात गाव जमला. गावाचे पहिले मानकरी, म्हणजे गावकार, आण्णा परब खांबाला टेकून बसले होते. वय ऐंशीच्या पुढचं, आवाज मात्र विशीतला.

“पेटयेचो जीव गावात ठेवचो की नाय,” आण्णा म्हणाले, “आमी वाद घालीत रवलो तर होळी येतली. बाबल, कौल लाव. देव सांगात तां खरा.”

बाबलने ओली फुलं हातात घेतली. पाषाणाच्या उजव्या अंगाला आणि डाव्या अंगाला फूल चिकटवायचं. उजवं आधी पडलं तर देवाचा होकार. आजवर हजारदा त्याने हे केलं होतं. डावं फूल जरा जास्त ओलं ठेवलं, जरा जास्त दाबून लावलं, तर उजवं आधी पडेल, हे त्याच्या बोटांना माहीत होतं. बोटांनी आजवर तसं कधी केलं नव्हतं. मागे बायको बसली होती. तिच्या धापेचा आवाज त्याला ऐकू येत होता.

त्याने फुलं पुन्हा तबकात ठेवली.

“ह्येका कौल लावचो नाय,” तो म्हणाला.

देवळात कुजबुज झाली. आण्णा खांबापासून सरळ झाले. “कित्या?”

“देवाकडे मागूचा आसला तर कौल. देवाक दिवचा आसला तर कसलो कौल? आपण कोंबो देवाक सोडतंव, तेव्हा इचारतंव? पेटये मी देवाक सोडलंय. त्येंचो जीव देवाचो. देवाच्या गावात देवाचो जीव रवलो तर कोणाचा काय जाता?”

“देवाक सोडलेला परत घेवक मिळणा नाय हां.”

“घेवचंव नाय.”

आण्णांनी दाढी खाजवली. “आणि देव ह्यां यीस्ट का काय तां घेता?”

“गावच्या राखणदार देवचाराक माडी चलता मा?” मागून दर्शना म्हणाली. “माडयेत तांच आसता.”

पहिली हसली ती आण्णांची सून. मग देऊळ हसलं. हसण्यातच निकाल झाला, पण सगळ्यांचा नाही. आण्णा हसले नव्हते.

*

तीन दिवसांचा मुक्काम खाडीपलीकडच्या माळावर पडला. झावळ्यांच्या खोपी उभ्या राहिल्या, मधेमधे शहरातून आलेल्यांचे रंगीत तंबू. शंभरेक चुली पेटल्या. गुरं हंबरत होती, पोरं क्रिकेट खेळत होती. पलीकडे गाव दिसत होता. घरं तीच, पण एकाही छपरावर धूर नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चैत्राली आण्णांच्या खोपीवरून जात होती. कोंबड्यांच्या डालग्याखाली तिला करवंटी दिसली.

“आण्णा! ही पेटी इथे कशी?”

“माझ्या घराची ती,” आण्णा शांतपणे म्हणाले. “बापाशीन तुझ्या देवाक सोडल्यान, मी सोडूक नाय. जीव तो जीव. आणि तीन दिवस त्येका गुळाचा पाणी कोण घालतलो? देव?”

चैत्रालीने खोपी धुंडाळल्या. आण्णा एकटे नव्हते. वरच्या वाडीतल्या तीन-चार घरांनी पेट्या उचलून आणल्या होत्या. एका काकूंनी तर ती पोराच्या पाळण्यात ठेवली होती. “बिचारो एकटो भियातलो,” काकू म्हणाल्या. वर्षभर तुळशीसारखं पोसल्यावर मागे ठेवायला त्यांचा हातच धजला नव्हता.

चैत्राली रडत आईकडे आली. “सगळं नासलं. इथल्या धुरात बसल्यात त्या पेट्या. आता ते म्हणतील मुलांनी मोजणीत घोळ केला.”

दुपारी डॉ. फणसळकर मुक्काम बघायला आल्या. चैत्रालीने मान खाली घालून त्यांना सगळं सांगितलं. ऐकता ऐकता बाई चुलीशेजारी मातीतच बसल्या आणि हसायला लागल्या.

“अगं वेडे, इथे शंभर चुली आहेत, आणि कारखान्याचा वारा इथे येत नाही. तिथे कारखान्याचा वारा आहे, आणि एकही चूल नाही. दोन्हीकडे पेट्या सारख्याच. मला असा प्रयोग आखायला सांगितला असता तर मी तीन वर्षं घेतली असती. तुमच्या आण्णांनी तो कोंबड्यांच्या डालग्याखाली करून ठेवलाय.”

बाबल जवळच लाकडं फोडत होता. त्याने कुऱ्हाड खाली ठेवली. “म्हणजे आकडे परवा सांगतले?”

“सांगतील.” बाईंचं हसू ओसरलं. “मात्र करारात एक कलम आहे. मुलांनी गोळा केलेले आकडे आधी तिन्ही भागीदारांच्या समितीपुढे जातात. तिघांचं एकमत झालं तरच बाहेर. कालच संचालकांचा फोन आला. पेट्या बंद अवस्थेत पुण्याला आणा म्हणाले.”

“समितीत कारखान्याचो माणूस आसा?”

“आहे.”

“आणि गावाचो?”

बाईंनी नकारार्थी मान हलवली.

*

चौथ्या दिवशी कौल झाला आणि गाव परत आला. देवळाच्या अंगणात पेट्या मांडल्या. एका बाजूला गावात राहिलेल्या, दुसऱ्या बाजूला माळावर गेलेल्या. कोणी दार उघडायलाही घरी गेलं नव्हतं. तेवढ्यात देशमान्यांची गाडी आली. बरोबर वकील होता.

“पेट्या आमच्या ताब्यात द्या,” वकील म्हणाला. “सहभागी विद्यार्थ्यांनी नोंदवलेले आकडे समितीच्या मालकीचे आहेत. करार आहे.”

बाबल पायरीवर उभा राहिला. इतक्या लोकांपुढे, देवाशी सोडून, तो कधी फारसा बोलला नव्हता.

“वकीलसायब, त्या तीन दिवसांत गावात कोण होता? माझा चेडू होता? खंयचा पोर होता?”

“नाही, पण...”

“गावात कोण नव्हता. देव होतो. पेटये देवाक सोडलेले. हवा देवाच्या गावची. मगे आकडे कोणाचे झाले? देवान तुमच्या करारार सही केल्यान हा?”

देवाच्या नावावर जमीन असते, दागिने असतात, देव कोर्टात दावा लावू शकतो, हे वकिलाला कायद्याच्या पहिल्या वर्षालाच शिकवलं होतं. त्याने माळावरच्या पेट्यांकडे बोट केलं. “त्या तरी देवाच्या नाहीत. त्या माणसांत होत्या.”

“माणसांत नाय,” आण्णा परब खांबामागून गरजले. “माझ्या कोंबडेंत होती. आणि माझ्या कोंबडेंनी खंयच्याच कागदार सही करूक नाय.”

देऊळ दणाणलं. देशमाने डॉ. फणसळकरांकडे वळले. “मॅडम, तुम्ही तरी सांगा यांना. संस्थेचं काय होईल याचा विचार करा. तुमचा प्रकल्प आजपासून बंद होऊ शकतो.”

बाईंचा फोन वाजत होता. पडद्यावर संचालकांचं नाव होतं. त्यांनी तो बंद करून पिशवीत टाकला. “करार मुलांच्या आकड्यांचा आहे,” त्या म्हणाल्या. “हे आकडे मुलांचे नाहीत, हे आत्ताच तुमच्या वकिलांपुढे ठरलं. देवाचे आकडे वाचायला मला संस्थेची परवानगी लागत नाही. चैत्राली, वाच.”

चैत्रालीने वाचलं. माळावर, शंभर चुलींच्या धुरात, पाळण्यातली आणि डालग्याखालची पेटी जेमतेम चमकली होती. रिकाम्या गावात, जिथे काडीही पेटली नव्हती, तिन्ही पहाटे पेट्या भडकल्या होत्या, आणि सड्याच्या पायथ्याशी असलेल्या सगळ्यांत जास्त. फाटकावरचा फलक त्याच वेळी हिरवा होता, कारण फाटक कारखान्याच्या ज्या अंगाने वारा येतो त्या अंगाला होतं आणि धूर फलकापर्यंत पोचतच नव्हता.

दर्शना उठली. दोघींनी तिला धरलं होतं. तिने त्यांचे हात सोडवले आणि देशमान्यांपुढे जाऊन उभी राहिली.

“माझी चूल तीन दिवस थंड होती, भावजी. आता नवीन पत्रक काढा. त्येच्यार कोणाचा चित्र घालतलास?”

*

संस्थेने करार मोडला आणि डॉ. फणसळकरांना प्रकल्पावरून काढलं. कारखान्याने कोर्टात धाव घेतली. देव मालमत्ता ठेवू शकतो हे कोर्टाला जुनं होतं. देव हवेचे आकडे ठेवू शकतो का, हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. न्यायाधीशांनी तो बराच वेळ उलटसुलट केला आणि शेवटी म्हणाले, देवस्थानाच्या आवारातली, देवाला सोडलेली वस्तू काय सांगते, ते ऐकण्यापासून भक्तांना अडवता येत नाही.

त्यानंतर कॉलेजने नवा करार केला. त्यात कारखाना नव्हता. पुण्यातली दुसरी एक संस्था पुढे आली. तिसरी सही देवस्थानाची होती, आणि एक कलम चैत्रालीने स्वतः घातलं होतं: आकडे आधी गावात वाचायचे, मग बाकी जगात. तिथून ही रीत पसरली. दोन वर्षांत किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांनी आपली हवा, आपलं पाणी देवाच्या नावावर केलं. एका गावात दर्ग्याच्या, एका गावात चर्चच्या. मोठ्या संस्थांचे लोक आता करार घेऊन यायचे तेव्हा आधी देवळाबाहेर चपला काढायचे, आणि मुलं त्यांना कलमं वाचून दाखवायची.

हे सगळं फुकट झालं नाही. वैशाखात आण्णा परबांच्या नातवाची होडी उलटली आणि त्याचा पाय गेला. गावात काही तोंडं लगेच म्हणाली, गावपळणीत जीव ठेवला त्याचं फळ. बाबल भर बाजारात उभा राहिला. “बोट दाखवूचा आसला तर माका दाखवा,” तो म्हणाला. “पोरांका नको. मी ह्यां जाणान केलंय, आणि पुढच्या गावपळणीक परत करतलंय.” काही घरांनी त्याचा प्रसाद तोंडात टाकणं सोडलं. त्याने प्रसाद वाटणं सोडलं नाही.

थोरला मुलगा आईला गोव्याला न्यायला आला. तिथली हवा चांगली, इस्पितळ मोठं. दर्शनाने त्याला पेज वाढली आणि म्हणाली, “रक्त चढवूक येयन, रवाक येवचंय नाय. गाव पळता, तो परत येवच्यासाठी. आणि मी आता ह्यांका घाबरान पळालंय, तर ते म्हणतले बाई खोटी होती.” ती महिन्यातून एकदा रक्त चढवून घ्यायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायची.

कारखान्याची तेल काढण्याची शेड २०४४ च्या पावसाळ्याआधी सरकारी आदेशाने बंद झाली. टाक्या काढायला आणखी एक वर्ष लागलं.

दर्शना विष्णू घाडी, बाबलची बायको, २०४५ साली तुळशीच्या लग्नानंतरच्या सोमवारी, दुपारी, वरंडोळीतच वारली.